उणे सतरा

पाकिटं तीन निघाली. दोनच निघायला हवी होती. सकाळचे सहा वाजून गेले होते, मी केबिनमध्ये टेबलाखाली ओणवा होऊन दाण्यांचं नवं पाकीट काढत होतो. एक आज लागणार, एक पुढच्या खेपेला, असं माझं पक्कं गणित. हाताला तिसरं लागलं तेव्हा आधी बरंच वाटलं. म्हटलं, वरच्या ऑफिसनं न मागता काही पाठवलं, आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय! मग पाकीट दिव्याखाली धरलं. कडेला बॉलपेननं तारीख घातलेली, आठ महिन्यांपूर्वीची, अक्षर माझंच. आणि पाकिटाचं तोंड चिकटवलेलं, जसंच्या तसं. हे पाकीट मी आठ महिन्यांपूर्वी वापरलं होतं. वहीत तसं लिहिलेलं आहे. मी स्टुलावर बसलो.

केबिन म्हणजे मोठ्या चौकाच्या कोपऱ्यावर ठेवलेला पत्र्याचा डबा. चार माणसं आत आली तर पाचव्यानं बाहेरूनच बोलावं. छतातून एक नळी वर जाते, ती चौकातली हवा ओढते, आणि रॅकवरचं यंत्र त्या हवेत गाड्यांच्या धुरातला विषारी वायू किती आहे ते मोजून आकडा दाखवतं. तोच आकडा बाहेरच्या पाटीवर लाल अक्षरांत झळकतो, आणि लोक तिच्याकडे ढुंकूनही न बघता सिग्नल तोडून जातात. एकवीस वर्षं मी ह्या डब्यात येतोय. दर तीन महिन्यांनी यंत्राचं कॅलिब्रेशन करायचं असतं, म्हणजे साध्या भाषेत त्याचा कान पिळायचा. एकदा काहीच नसलेली हवा पाजायची आणि सांगायचं, हे शून्य. मग सिलिंडरमधला ठरावीक मापाचा वायू पाजायचा आणि सांगायचं, हे एवढं. मधलं सगळं ते आपलं आपण समजून घेतं. मधल्या महिन्यांत नुसतं शून्य लावलं की भागतं. आता काहीच नसलेली हवा काही दुकानात मिळत नाही, ती इथेच करावी लागते. चौकातलीच हवा एका नळकांड्यातून काढायची. नळकांड्यात जांभळे दाणे भरलेले असतात, ते हवेतली घाण खाऊन टाकतात. खाऊन खाऊन दाणे तपकिरी पडतात, मग दर आठ महिन्यांनी ते फेकून नवे भरायचे. काम दहा मिनिटांचं. पण दाण्यांचा डाग बोटांना असा धरतो की चार दिवस साबणाला दाद देत नाही, आणि ज्या कागदाला हात लागेल तो कागद खराब. म्हणून आमच्या लाइनीत सगळ्यांनाच एक खोड आहे. वही आधी लिहायची, स्वच्छ हातानं. 'दाणे बदलले', तारीख, सही. आणि मग दाणे बदलायचे. मला हे माझ्या वरच्या टेक्निशियननं शिकवलं, त्याला त्याच्या वरच्यानं. आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

त्या दिवशीही मी वही लिहिली, पाकिटावर तारीख घातली, आणि फोन वाजला. अप्पांचा. अप्पा म्हणजे माझे सासरे, इथून दोन गल्ल्या सोडून राहतात. दुपारी ते कधी फोन करत नाहीत, म्हणून लगेच उचलला. 'जावईबापू,' म्हणाले, 'तिचं कपाट आवरायला काढलंय. चार स्वेटर आहेत. कुणाला देऊन टाकू, की तुम्ही नेता?' लग्नाला अठरा वर्षं झाली तरी हिचं एक कपाट माहेरी होतंच. मी चिडवायचो की भांडण झालं तर परतायची सोय करून ठेवली आहेस. 'नेतो,' म्हटलं, पाकीट पायानं टेबलाखाली सारलं आणि तसाच उठलो. त्यांच्याकडे गेलो, खुर्चीत बसलो, त्यांनी स्वेटर मांडीवर आणून ठेवले. तासभर आम्ही दोघं त्या स्वेटरांकडे बघत बसलो आणि पाऊणशे वेळा 'बाकी काय' म्हणालो. तिथून मी थेट घरी गेलो. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये आलो, वही उघडली, 'दाणे बदलले' असं वाचलं, आणि कामाला लागलो. वहीवर माझा माझ्यापेक्षा जास्त विश्वास. स्वेटर अजून त्याच पिशवीत आहेत, पिशवी अजून त्याच खुंटीला.

पाना घेऊन नळकांड्याचं झाकण उघडलं. उघडायची गरज नव्हती खरं तर, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय चुकीवर विश्वास कोण ठेवतो! दाणे चहाच्या चोथ्यासारखे झाले होते. एकही जांभळा नाही, तळाचासुद्धा नाही. म्हणजे गेले काही महिने ते घाण खात नव्हतेच, आली तशी पुढे सोडत होते. आणि मी दर महिन्याला ती घाणेरडी हवा यंत्राला पाजून बटण दाबत आलो होतो, की बाबा रे, हे शून्य. ते बिचारं ऐकत आलं. यंत्राला शून्य जिथे सांगाल तिथून ते मोजतं. मी जेवढी घाण शून्य ठरवली तेवढी रोजच्या आकड्यातून वजा होत गेली, आणि पाटीवर स्वच्छ हवा झळकत राहिली.

पावणेसातला फोन वाजला. तो वाजणारच होता. अप्पा हॉस्पिटलात होते ते दिवस सोडले, तर अडीच वर्षांत एक दिवस चुकलेला नाही.

'किती?' अप्पा म्हणाले.

आमचं बोलणं एवढंच असतं. ही गेल्यानंतर महिनाभर आम्हाला एकमेकांशी काय बोलावं हेच कळत नव्हतं. मग एका सकाळी त्यांनी विचारलं, चौकातला आकडा किती आहे हो, फिरायला जाऊ का? त्यांना दमा, त्यात वय पंचाहत्तर. मी माझ्याच डोक्यानं नियम करून दिला, पन्नासच्या आत असेल तर जा, वर असेल तर घरात बसा. तेव्हापासून रोज. ते 'किती' विचारणार, मी आकडा सांगणार, ते 'म्हणजे जाऊ?' म्हणणार, मी 'जा' किंवा 'नको' म्हणणार. वीस सेकंद. उरलेल्या दिवसात माझं माणसांशी बोलणं म्हणजे वाण्याला 'आणखी काही नको' आणि जिन्यात शेजाऱ्याला 'काय, बरंय ना'. मूलबाळ नाही. भाऊ आहे तो परगावी, त्याच्या सुनेच्या फोनवरून कधीतरी दिसतो. ह्या जगात सकाळी उठून मला कुणी काही विचारत असेल तर ते अप्पा.

'चव्वेचाळीस,' मी म्हणालो. पडद्यावर चव्वेचाळीसच होतं.

'म्हणजे जाऊ?'

'आज राहू द्या.'

'का? पन्नासच्या आत आहे की.'

'आज यंत्राची तपासणी आहे, अप्पा. आकड्याचा भरवसा नाही.'

'काय तरी तुमचं! तपासणी तिकडे यंत्राची आणि इकडे मी घरात कोंडलेला.' ते हसले, हसता हसता खोकले. 'बरं, उद्या बघू.' आणि फोन ठेवला.

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण 'उद्या बघू' म्हणाले ना ते, आणि मला त्या 'उद्या'चा मोह पडला. मी भित्रा माणूस आहे. हे सांगितलं तर उद्याचा फोन येणार नाही, एवढंच मला दिसत होतं.

हात मात्र काम करत राहिले, हातांना एकवीस वर्षांची सवय. सिलिंडर साखळीला बांधला, त्याच्या कागदावरची मुदत बघितली, रेग्युलेटर बसवला. रेग्युलेटरमध्ये शिळी हवा अडकलेली असते, म्हणून तो तीनदा भरून तीनदा रिकामा करायचा. दोनदा करून भागत नाही, आळशी लोक दोनदा करतात. नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला, प्रवाहाचा काटा खाली खाली जात शून्याला टेकला, म्हणजे गळती नाही. अंगठ्याला नळी बारीकशी ओढते तेव्हा काहीतरी जिवंत चोखतंय असं वाटतं. हिला मी एकदा इथे आणलं होतं, लग्नानंतर नवीनवी असताना, तेव्हा हिनं अंगठा लावला आणि किंचाळून काढला. 'अगं बाई, ही तर चावते,' म्हणाली. तेव्हापासून ती यंत्राला माझी सवत म्हणायची. दमा त्यांच्या घरची इस्टेट, बापाकडून लेकीला मिळालेली; त्यामुळे सकाळी बाहेर पडताना चौकशी ठरलेली, 'काय म्हणतेय माझी सवत?' मी आकडा सांगायचो. माहेरी जाऊन माझी नक्कल करायची, की आमच्याकडे हवासुद्धा ह्यांची सही झाल्याशिवाय आत येत नाही. अप्पा ते ऐकून इतके हसायचे की त्यांना पंप घ्यावा लागायचा.

त्या सकाळीही तिनं विचारलं. मी दाढी करत होतो. फोनवर बघून सांगितलं, 'अडतीस.' 'मग चालतच जाते,' म्हणाली, आणि गेली. चौकाच्या अलीकडे बसस्टॉपवर तिला दम्याचा अटॅक आला. दहा वाजायच्या आत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, कशानंही येऊ शकतो, गारठा, धूळ, मनाला लागलेलं काही. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये जो येईल त्याला मी सांगत होतो, हवा चांगली होती हो, अडतीस होती. कुणी विचारलं नव्हतं. अप्पांना मी हे तीनदा सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून तिन्ही वेळा ऐकून घेतलं. अडीच वर्षं मी त्या अडतीसला धरून झोपतो. मी तिला 'जा' म्हणालो ते आकडा बघून म्हणालो, उगाच नाही.

आणि ह्या हिवाळ्यात अप्पा दोनदा ॲडमिट झाले. दोन्ही वेळा सकाळी फिरून आल्यावर. दुसऱ्या खेपेला मी त्यांच्या खाटेशी उभा राहून चक्क ओरडलो. 'पंप वेळेवर घेत नाही तुम्ही. हवेला बोल लावू नका, हवा छत्तीस होती.' अप्पांचं चष्म्याचं दुकान होतं, चाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासले त्यांनी. भिंग बदलायचं आणि विचारायचं, हे बरं दिसतं की हे? गिऱ्हाईक म्हणेल ते खरं. मला गमतीनं म्हणायचे, तुमचं बरं आहे, तुमचं गिऱ्हाईक उलट बोलत नाही. तो माणूस त्या दिवशी नाकातली नळी सावरत मला म्हणाला, 'चुकलं खरं. राहिला असेल पंप.' शाळेतल्या पोरासारखं. हे आठवलं आणि मी रेग्युलेटर तसाच सोडून दिला. मला माझी शिसारी आली.

साडेआठला साहेबांना फोन लावला. साहेब माणूस वाईट नाही, फक्त त्याला कटकट नको असते. मी सगळं सांगितलं, आणि म्हटलं, आठ महिन्यांचे आकडे बाद करावे लागतील.

'आठ महिन्यांचे? अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? दाणे बदला, झीरो मारा, विषय संपला.'

'पण मागचे सगळे कमी गेलेत, साहेब.'

'गेले तर गेले. मागचं कशाला उकरून काढता? ती पाटी कोण वाचतंय? कुणी कधी विचारलंय तुम्हाला?'

'विचारतात, साहेब. रोज.'

'कोण?'

मी दाण्यांचं पाकीट फोडायला घेतलं. साहेब आवाज उतरवून म्हणाले, 'हे बघा, घरातलं झाल्यापासून तुम्ही फार ओढून घेता अंगावर. चार दिवस सुट्टी टाका. कुठेतरी जाऊन या.' कुठे जाऊ, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

दाणे बदलले. जुने ओतले, नवे भरले, जांभळे, कोरडे, पाखडल्यासारखे सळसळणारे. बोटं डागाळली. झाकण आवळलं, नळी यंत्राला जोडली आणि समोर बसून राहिलो. ह्या कामात घाई चालत नाही. नळ्यांच्या आतल्या भिंतींना जुनं चिकटलेलं असतं, ते निघून जायला वेळ लागतो. आकडा आधी खाली आला तो शून्यावर. मग शून्याच्या खाली गेला. उणे चार. उणे नऊ. बाहेर एक बस कर्कश ब्रेक मारून थांबली, लोक उतरले, बस गेली. उणे चौदा. उणे सतरावर आकडा टेकला आणि तिथंच राहिला, वीस मिनिटं झाली तरी हलला नाही. हवेत काहीच नाही, त्याच्याहीपेक्षा सतरा कमी. असली हवा स्वर्गातसुद्धा नसेल! म्हणजे आजचे चव्वेचाळीस हे एकसष्ट. म्हणजे अप्पांच्या त्या दिवशीचे छत्तीस हे पन्नासच्या वर असतील, किंवा नसतील. दाणे केव्हा अर्धे मेले आणि केव्हा पुरते मेले, कोण सांगणार! त्या सकाळींचा खरा आकडा आता कुणालाही काढता येणार नाही, मलाही नाही. मी त्यांना 'जा' म्हणालो होतो, आणि ते गेले होते.

वहीत एक रकाना असतो, 'दुरुस्तीपूर्वी'. शून्य पुन्हा लावण्याआधी यंत्र काय दाखवत होतं ते तिथे लिहायचं. एकदा बटण दाबलं की जुनं पुसलं जातं, फक्त ह्या रकान्यात उरतं. लोक बहुधा तिथे शून्य पूर्णांक दोन, शून्य पूर्णांक तीन असं काहीतरी लिहितात. मीही लिहू शकलो असतो. पेन हातात घेऊन किती वेळ बसलो माहीत नाही. मग उणे सतरा लिहिलं. शेऱ्यात लिहिलं, 'आठ महिन्यांपूर्वीची दाणे बदलल्याची नोंद खोटी आहे. दाणे बदलले नव्हते. मधले आकडे वापरू नयेत.' सही केली. पानावर माझ्या बोटांचे तपकिरी ठसे उमटले. बटण दाबलं. सिलिंडर उघडून पुढचं मापही नीट लावून घेतलं, यंत्र आता सरळ झालं होतं. नळी चौकाकडे वळवली. एकोणसाठ.

आणि मी अप्पांना फोन लावला. अडीच वर्षांत मी आपणहून कधी लावला नव्हता. फोन नेहमी त्यांचाच यायचा. घंटा बराच वेळ वाजली.

'कोण? जावईबापू? काय झालं?' आवाज घाबरलेला होता. ह्या वेळी माझा फोन म्हणजे काहीतरी झालंच असणार, असं त्यांना वाटलं.

'झालं काही नाही. म्हणजे झालंय.' मी सगळं सांगितलं. दाणे, वही, पाकीट. स्वेटरचं सांगितलं नाही. तो दोष त्यांच्या पदरात कशाला! म्हटलं, 'आठ महिने मी तुम्हाला कमी आकडा सांगत होतो, अप्पा. पन्नासच्या आत म्हणून पाठवलं ते बऱ्याचदा वर असणार. हिवाळ्यात तुम्ही दोनदा आजारी पडलात ते त्यामुळे असेल. मी वर तुम्हालाच ओरडलो. माझं चुकलं.'

ते हळू आवाजात म्हणाले, 'छाती सांगत होती हो. फाटकापाशीच कळायचं, आज नको. पण म्हटलं, तुमचा आकडा खोटं कशाला बोलेल! वयामुळे आपल्यालाच वाटत असेल तसं. म्हणून जायचो.'

मला रडू आलं. मी ते दाबलं नाही, दाबून कुणापासून लपवायचं होतं?

'एक विचारू?' अप्पा म्हणाले. 'ती गेली त्या दिवशी अडतीस होतं, म्हणाला होतात.'

'हो.'

'ते बरोबर होतं ना?'

हे मला सुचलंच नव्हतं. खरंच सांगतो, सकाळपासून सगळीकडे हिंडून आलं माझं डोकं, पण त्या दारापाशी गेलं नव्हतं. 'तेव्हा दाणे बदललेले होते,' मी म्हणालो. 'वहीत नोंद आहे.'

'वहीत आठ महिन्यांपूर्वीचीही आहे ना?'

'आहे.'

'मग?'

मी आठवायचा प्रयत्न केला. अडीच वर्षांपूर्वीचे दाणे, अडीच वर्षांपूर्वीची माझी बोटं. ती डागाळली होती की नव्हती? त्या सकाळी मी ह्याच बोटांनी दाढी करत होतो, आरशात बघत होतो, आणि मला काहीही दिसत नव्हतं. हो म्हणावं, एवढं एक हो म्हणावं आणि म्हाताऱ्याला सुखानं राहू द्यावं, असं फार वाटलं. मलाही राहू द्यावं.

'माहीत नाही, अप्पा,' मी म्हणालो. 'आता नाही सांगता येणार.'

आता ते फोन ठेवतील, म्हणून मी वाट बघत राहिलो. पलीकडून फक्त त्यांचा श्वास येत होता. रोजच्या वीस सेकंदांत माणूस छाती सांभाळून बोलू शकतो, त्यामुळे मला तो कधी ऐकूच आला नव्हता. आज ते सांभाळत नव्हते. आत जाताना बारीक शिट्टी, बाहेर येताना लांबलचक, अडखळत, मध्येच तुटून पुन्हा जुळणारी. हिचीही अगदी अशीच होती.

'ऐकू येतंय?' त्यांनी विचारलं.

'येतंय, अप्पा.'

'मग ऐका,' ते म्हणाले, आणि फोन ठेवला नाही.